चार खाटांचं हॉस्पिटल: कायझर्सवर्थची लूथरन शाळा आणि नागपूरच्या कमलाताई

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन संदर्भ इथे जोडले आहेत.)

हेडफोन लावले असतील तर उत्तम, बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. आजची गोष्ट नागपूरची आहे, पण सुरू होते जर्मनीत, ऱ्हाईन नदीच्या काठावर. मधे लंडन आहे, क्रिमियाचं युद्ध आहे, आणि शेवटी आपण परत घरी येतो. प्रवास लांबचा आहे, पण प्रश्न एकच आहे: एखादी मुलगी नर्स होते तेव्हा ती नेमकं काय शिकते? आणि त्यातलं काय शंभर वर्षं टिकतं?

मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात कॉलेजात शिकलेली भाषा पाच वर्षांत जुनी होते. नर्सिंगमध्येही तेच. 1920 साली शिकवलेली बरीच औषधं आज कोणी देत नाही, तेव्हाची उपकरणं संग्रहालयात गेली. तरीही नागपुरात 1921 साली एका नर्सनं उभी केलेली संस्था आज एकविसाव्या शतकात आहे. मग टिकलं ते काय?

मोडक्या खुर्च्या आणि एक पाद्री

कायझर्सवर्थ हे ड्युसेलडॉर्फजवळचं एक लहान गाव. तिथे थिओडोर फ्लीडनर नावाचा एक तरुण पाद्री होता, लूथरन परंपरेतला. त्याची मंडळी गरीब. गावातली कापडाची गिरणी बुडाली, लोकांचे रोजगार गेले, आणि चर्च चालवायला पैसे उरले नाहीत. म्हणून हा माणूस वर्गणी गोळा करायला हॉलंड आणि इंग्लंडला गेला. इंग्लंडमध्ये त्यानं एलिझाबेथ फ्राय या बाईंचं तुरुंगातल्या स्त्रियांसाठीचं काम पाहिलं. पैशांबरोबर तो ही कल्पनाही घरी घेऊन आला.

1833 मध्ये त्यानं आणि त्याची बायको फ्रीडरिके हिनं तुरुंगातून सुटलेल्या बायकांना आपल्या बागेतल्या छोट्या घरात आसरा दिला. तीन वर्षांनी, 1836 मध्ये, त्यांनी एक मोठं घर घेतलं आणि हॉस्पिटल सुरू केलं. घर मोठं, पण सामान मोडकंतोडकं. पेशंटपेक्षा मोठी अडचण म्हणजे काम करणार कोण? तेव्हा युरोपात नर्स म्हणजे दारू पिणारी, अडाणी, दुसरं काम न मिळालेली बाई अशीच समजूत होती. चांगल्या घरातली मुलगी या कामाला येणं अशक्य.

फ्लीडनर दांपत्यानं मग नर्सेस घडवायचीच शाळा काढली. तिथे शिकणाऱ्या स्त्रियांना डिकनेस म्हणत. पहिली डिकनेस गर्ट्रूड राइखार्ट, एका डॉक्टरची मुलगी. पुढे आल्या त्या बहुतेक साध्या, खेड्यापाड्यातल्या मुली. त्यांना डॉक्टर शिकवायचे, वॉर्डात प्रत्यक्ष काम करावं लागायचं, आणि आधी काही काळ उमेदवारी. शेजारीच शिक्षिका घडवणारी शाळा आणि अनाथालय होतं.

एक तपशील मला फार आवडतो. फ्लीडनरनं या अविवाहित मुलींना जो पोशाख दिला, तो त्या काळच्या लग्न झालेल्या मध्यमवर्गीय बाईचा होता: निळा झगा आणि पांढरी टोपी. कारण तसे कपडे घातलेली बाई एकटी रस्त्यानं गेली तरी लोक मान द्यायचे. म्हणजे आज आपण ज्याला नर्सचा युनिफॉर्म म्हणतो, त्याच्या मुळाशी स्वच्छता तर होतीच, पण त्याहून आधी सुरक्षितता आणि इज्जत होती. आणि आजारपणात, म्हातारपणात संस्था सांभाळेल ही हमी. त्यांच्या त्या मुख्य घराला नावच होतं ‘मातृगृह’.

तीन महिने, पाचला उठणे

1851 मध्ये इथे एक श्रीमंत इंग्रज मुलगी शिकायला आली. वय 31. घरच्यांचा कडाडून विरोध, कारण आपल्या घरातली मुलगी आणि नर्स? तिचं नाव फ्लोरेन्स नाइटिंगेल. आदल्या वर्षी ती इथे थोडे दिवस राहून गेली होती, आता तीन महिन्यांसाठी आली. पहाटे पाचला उठायचं, दिवसात चार वेळा खायचं आणि प्रत्येक खाण्याला दहा मिनिटं. नोकरचाकरांच्या घरात वाढलेली ही मुलगी तिथे खूश होती.

आता गंमत ऐका. पुढे म्हातारपणी नाइटिंगेलनं लिहून ठेवलं की कायझर्सवर्थमध्ये नर्सिंग असं काही नव्हतंच, आणि स्वच्छता तर भयानक होती. मग ती तिथे काय शिकली? तिचं म्हणणं असं की तिथल्याइतका उंच सूर आणि निर्मळ निष्ठा तिला दुसरीकडे कुठे भेटली नाही. म्हणजे तंत्राच्या बाबतीत शाळा नापास आणि वृत्तीच्या बाबतीत पहिली. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला नागपुरात लागणार आहे.

तंत्र तिनं स्वतः उभं केलं. 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात ती 38 नर्सेस घेऊन स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात गेली. परत आल्यावर तिनं मृत्यूंचे आकडे मांडले. 1858 चा तिचा तो पाकळ्यांसारखा गोल चार्ट तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. आज आम्ही डॅशबोर्ड बनवतो, त्याची ही आजी म्हणा. चार्ट सांगत होता की सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या आजारांनी जास्त मेले. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावाची ट्रेनिंग स्कूल निघाली. तिथे प्रत्येक उमेदवार मुलीची दर महिन्याला लेखी नोंद व्हायची: काम कसं, वक्तशीरपणा कसा, वागणूक कशी.

आणि ही शाळा स्वतःपुरती थांबली नाही. तिथे शिकलेली लूसी ऑस्बर्न 1868 मध्ये सिडनीला गेली आणि तिथे नर्सेस घडवायला लागली. त्याआधी कायझर्सवर्थनंही हेच केलं होतं: 1849 मध्ये तिथल्या चार डिकनेस अमेरिकेत पिट्सबर्गला गेल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड उघडा होता, ज्यानं त्यानं आपल्या गावी नेऊन आपल्यासारखा केला.

भारतात ही वाट कशी आली

नाइटिंगेल भारतात कधीच आली नाही, पण इथल्या सार्वजनिक आरोग्यावर तिनं अनेक वर्षं लिहिलं. 1885 मध्ये व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन हिनं भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून एक फंड उभा केला. स्त्री-डॉक्टर, नर्सेस आणि सुईणी तयार करणं आणि बायकांसाठी हॉस्पिटलं काढणं हे त्याचं काम. देशभर ‘डफरिन हॉस्पिटल’ नावाच्या इमारती दिसतात त्या यातूनच. 1888 मध्ये लष्करी हॉस्पिटलांसाठी दहा प्रशिक्षित नर्सेस इंग्लंडहून आल्या.

नागपुरात मिशन म्हटलं की आपल्याला हिस्लॉप आठवतं. ते स्कॉटिश मिशन, लूथरन नव्हे. स्टीफन हिस्लॉप यांनी 1846 मध्ये इथे शाळा काढली, त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 चं. त्याच मिशनचं म्यूर मेमोरियल हॉस्पिटल सीताबर्डीत 1896 पासून. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये उभं राहिलं. लूथरन मिशनचं मोठं काम आंध्रात होतं, डॉ. ॲना कूगलर 1883 मध्ये गुंटूरकडे आल्या आणि बायकांसाठी हॉस्पिटल उभारलं.

या सगळ्या हॉस्पिटलांना एकच अडचण होती, कायझर्सवर्थवाली. नर्स व्हायला येणार कोण? सुरुवातीला आल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली. हिंदू घरांत दुसऱ्या जातीच्या शरीराला हात लावायचा, रक्त पुसायचं, भांडं उचलायचं, रात्री घराबाहेर राहायचं, हे सगळं एकत्र म्हणजे नकोच. पुण्यात रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये सेवासदन सुरू केलं आणि ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला मुली पाठवल्या, तेव्हा त्यांना घरोघरी समजूत घालावी लागली. त्यातल्या बऱ्याच विधवा होत्या.

विधवाच का? कारण ज्यांच्याकडून घराला काहीच अपेक्षा उरलेली नाही, त्यांनाच घराबाहेर पडायची फट सापडायची. केशवपन, लाल अलवण, एका वेळचं जेवण, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुलीपुढे. अशा बाईला नर्सची पांढरी साडी मिळणं म्हणजे काय असेल याचा विचार करा. निळा झगा आणि पांढरी टोपी आठवली ना?

कमलाताई

आता नागपूर. कमलाताई होस्पेट यांचा जन्म 1896 चा. बाराव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी वैधव्य. ज्या वयात आज मुली दहावीचा अभ्यास करतात, त्या वयात समाजाच्या हिशेबानं त्यांचं आयुष्य संपलं होतं.

त्यांनी नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलात नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि 1920 मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचं ते गाजलेलं अधिवेशन भरलं, असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला. शहर राजकारणानं पेटलेलं. इतिहासाच्या पुस्तकात त्या वर्षाचं नागपूर म्हणजे मंडप आणि भाषणं. पण त्याच शहरातल्या घराघरांत एक वेगळी लढाई चालू होती, आणि तिच्यात हरणाऱ्यांची नावं कुठेच लिहिली जात नव्हती.

ती लढाई बाळंतिणीच्या खोलीतली. घरातली सगळ्यात अंधारी खोली, कारण विटाळ. खिडकी बंद, कारण वारा लागेल. खाटेखाली शेगडी, खोलीत धूर. जुनी फाटकी लुगडी, कारण नंतर टाकूनच द्यायची. सुईण अनुभवी असायची, हात हुशार असायचा, पण हात धुतलेला असेलच असं नाही, आणि नाळ घरातल्या विळ्यानं किंवा सुरीनं कापली जायची. मग बाळाला धनुर्वात, आईला ताप. व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी 1847 मध्येच दाखवून दिलं होतं की नुसते हात नीट धुतले तरी बाळंतिणी वाचतात. ही माहिती जगाला पाऊणशे वर्षं होती. नागपूरच्या माजघरात ती पोचवायला औषध नको होतं, माणूस हवा होता. आणि असा माणूस, जिला सासूबाई घरात घेतील.

हा मुद्दा नीट बघा, मंडळी. सरकारी किंवा मिशनचं हॉस्पिटल होतंच की गावात. पण घरची बाई बाळंतपणाला तिथे न्यायची म्हणजे जात जाईल, धर्म जाईल, लोक काय म्हणतील. दार उघडं असून बायका आत जात नव्हत्या.

1921 मध्ये कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्या साथीनं मातृसेवा संघ सुरू केला. चार खाटांचं प्रसूतिगृह. चार. आपल्या स्टार्टअपवाल्यांना आवडेल असा आकडा, फक्त इथे फंडिंग नव्हतं आणि पिच ऐकवायची ती सासवांना. पण चालवणाऱ्या बायका आपल्यातल्याच, मराठी बोलणाऱ्या, नऊवारीची भाषा समजणाऱ्या, आणि तरी हात धुणाऱ्या, नोंद ठेवणाऱ्या. डफरिनमधलं शास्त्र आणि माजघरातला विश्वास हे दोन्ही एका माणसात एकत्र आले.

कायझर्सवर्थचं नाव कमलाताईंनी ऐकलं होतं असं मी म्हणत नाहीये. हा सरळ धागा नाही, रिले रेस आहे. काठी हातोहात आली, आणि प्रत्येक धावणाऱ्याला फक्त आपल्या मागचा एक माहीत होता. मातृगृह आणि मातृसेवा ही नावांची जुळणीही योगायोगच. पण प्रश्न दोन्हीकडे तोच होता: ज्या बाईला समाजात जागा नाही, तिला काम आणि इज्जत एकाच दारातून कशी द्यायची?

त्याच शहरातली दुसरी बाई

इथे एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. त्याच काळात, याच नागपुरात जाईबाई चौधरी होत्या. महार समाजातल्या, 1892 चा जन्म. घरची गरिबी इतकी की नागपूर-कामठी भागात डोक्यावर ओझी वाहायच्या. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना शिक्षणाची वाट दाखवली, मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. पण अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी बहिष्कार टाकला आणि ती नोकरी गेली. पुन्हा ओझी.

1920 च्या दशकात त्यांनी संत चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. मिशन शाळेनं त्यांना अक्षर दिलं, आणि त्या शाळेला जे जमलं नाही, म्हणजे बहिष्कारापुढे उभं राहणं, ते त्यांनी स्वतः केलं. नर्स नव्हत्या त्या. पण शाळेचा टिकणारा धडा म्हणजे काय, हे कमलाताईंइतकंच त्यांच्याकडूनही कळतं. आणि हेही कळतं की उच्चवर्णीय विधवेसाठी जी फट होती, ती सगळ्यांसाठी नव्हती.

चार खाटांचं पुढे काय झालं

मातृसेवा संघाच्या शाखा विदर्भात पसरल्या, पुढे मध्य प्रदेशातही गेल्या. प्रसूतिगृहाबरोबर नर्सिंगचं शिक्षण आलं. मग कामाचा आवाका वाढत गेला: मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’, वृद्धांसाठी ‘पंचवटी’, आणि 1958 मध्ये समाजकार्य शिकवणारं कॉलेज. आज नागपुरात समाजकार्याची पदवी घेणारी किती तरी मुलं या कॉलेजात जातात आणि त्यांना ठाऊकही नसतं की ते एका नर्सच्या कामातून उगवलंय. 1961 मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. 1981 मध्ये त्या गेल्या.

हे काम केवढ्या मोठ्या पोकळीत चाललं होतं ते एका आकड्यानं कळेल. 1946 चा भोर समितीचा अहवाल सांगतो की तेव्हा भारतात सुमारे 43,000 लोकांमागे एक नर्स होती आणि सुमारे 60,000 लोकांमागे एक सुईण. हा आकडा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा आहे, कमलाताईंनी काम सुरू केल्यानंतर पंचवीस वर्षांनीचा. म्हणून त्या काळात एक नर्स घडवणं हे एक पेशंट वाचवण्यापेक्षा मोठं काम होतं.

आज वाट बरीच आखलेली आहे. एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम, चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, मग नोंदणी. सरकारी हॉस्पिटलात अधिपरिचारिका, पुढे परिसेविका, मग अधिसेविका. आपण मात्र सगळ्यांना ‘सिस्टर’ म्हणतो. हा शब्दही मठांतल्या आणि मिशनमधल्या बहिणींकडूनच आलेला.

मग टिकतं काय?

मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, बघणं आणि लिहून ठेवणं. ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला प्रत्येक खाटेची हकिकत सांगते, चार्टवर सही करते. औषध कोणतंही असो, ही सवय दीडशे वर्षांची आहे. आमच्याकडे डॉक्युमेंटेशन करा म्हटलं की सगळे तोंड फिरवतात. तिथे नोंद राहिली तर माणूस जाऊ शकतो.

दुसरी, हलकं काम असं काही नसतं. बेडपॅन उचलणारा हात आणि इंजेक्शन देणारा हात एकच असतो. जातीनं कामं वाटून घेतलेल्या समाजात हे नुसतं कौशल्य नाही, बंड आहे. केलेल्यांनी तसं म्हटलं नाही, एवढंच.

तिसरी, शिकलेलं पुढे शिकवणं. फ्लीडनर, नाइटिंगेल, लूसी ऑस्बर्न, रमाबाई, कमलाताई, जाईबाई: यातल्या प्रत्येकानं काही ना काही शाळा काढली. नुसतं उत्तम काम केलं असतं तर ते त्यांच्याबरोबर संपलं असतं.

लूथरन धागा आपल्या जवळपास आजही जिवंत आहे, नागपूरहून फार लांब नाही. बैतूल जिल्ह्यात पाढरला लूथरन चर्चचं हॉस्पिटल आहे, डॉ. क्लेमेंट मॉस यांनी 1958 मध्ये उभं केलेलं. 2012 मध्ये तिथे शरीरानं जोडलेल्या दोन जुळ्या बहिणींना वेगळं करण्याची शस्त्रक्रिया झाली. बातम्यांत सर्जन दिसले, आणि ते योग्यच होतं, देशविदेशातून आले होते ते. पण त्याआधी जवळपास एक वर्ष त्या मुलींना हॉस्पिटलच्या नर्सेसनीच सांभाळलं होतं. भरवणं, झोपवणं, रडणं ओळखणं. दोघींपैकी एकच जगली. शस्त्रक्रिया काही तासांची होती. ते एक वर्ष कोणत्या कोर्सच्या सिलॅबसमध्ये असतं, सांगा बरं?

पुढच्या वेळी तुमच्या घरातलं कोणी ॲडमिट असेल तेव्हा रात्री दोन वाजता वॉर्डात येणाऱ्या सिस्टरला एक प्रश्न विचारा: तुम्ही कुठे शिकलात? बहुतेक वेळा उत्तरात एका गावाचं नाव येईल, एका शाळेचं, आणि एखाद्या कडक मेट्रनचं. ते नाव लिहून ठेवा आणि आम्हाला पाठवा. असं काही जमलं तर एक वेगळा भाग नक्की करू, फक्त तुमच्या आठवणींतल्या शिकवणाऱ्या सिस्टरांवर.

आजच्यापुरतं इतकंच. काळजी घ्या, उन्हात पाणी पीत राहा, आणि हो, हात धुवा. भेटू पुढच्या भागात.